सायकलवर बसायचं ते हाडांवर

नवी सायकल घेऊन आठवडा झाला की बहुतेकांची एकच तक्रार असते: बूड दुखतं. त्यावरचा उपायही ठरलेला. दुकानात जायचं, जेल भरलेलं जाडजूड सीट कव्हर घ्यायचं आणि दोरी ओढून ते सीटवर आवळून टाकायचं. दोन दिवस बरं वाटतं. रविवारी तीस-चाळीस किलोमीटर जाऊन आलं की दुखणं परत सुरू होतं, आणि या खेपेला मांड्यांच्या मधे मुंग्याही आलेल्या असतात. कुणी म्हणतं सवय होईल, कुणी म्हणतं सायकल म्हटली की एवढं सोसायचंच, आणि कित्येकांची सायकल जिन्याखाली धूळ खात पडते ती कायमची. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे. माझं म्हणणं असं की सीट मऊ हवी की कडक हा नंतरचा प्रश्न आहे. त्याआधी बघायला हवं की शरीराचं वजन हाडांवर पडतंय की हाडांच्या मधल्या मऊ भागावर. आणि ते ठरतं मुख्यतः आपण सायकलवर कसे बसतो यावरून. गेल्या दीडशेक वर्षांतले सीटचे प्रयोग आणि अलीकडच्या पंचवीसेक वर्षांतलं वैद्यकीय संशोधन शेजारी-शेजारी ठेवलं, तर दोन्हींचा रोख तिकडेच दिसतो.

लाकडी स्टुलावर ताठ बसून दोन्ही तळहात उताणे बुडाखाली सरकवले तर दोन टणक उंचवटे हातात रुततात. ही बैठकीची हाडं. वैद्यकाच्या पुस्तकात त्यांना आसनास्थी म्हणतात. आता पाठ न वाकवता कमरेतून हळूहळू पुढे झुकलं, की उंचवटे मागे सरकत वर उचलले जातात आणि वजन त्यांच्या पुढच्या कडांवर येतं. या कडा पुढे जाताना एकमेकींच्या जवळ येत जातात, होडीच्या दोन बाजू टोकाशी मिळाव्यात तशा. एवढ्या एका हालचालीत सीटचं निम्मं शास्त्र आहे. ताठ बसणाऱ्याला मागे रुंद सीट लागते, कारण त्याची हाडं दूर-दूर टेकतात. ओणवं होऊन चालवणाऱ्याला अरुंद सीट पुरते. दोन उंचवट्यांमधलं अंतर बहुतेक प्रौढांमध्ये 10 ते 16 सेंटीमीटरच्या दरम्यान असतं. बायकांमध्ये ते सरासरीने थोडं जास्त असलं तरी माणसामाणसातला फरक मोठा आहे, आणि त्याचा अंगाच्या जाडीशी फारसा संबंध नाही. स्थूल माणसाची हाडं जवळ असू शकतात आणि सडपातळ मुलीची लांब. या हाडांच्या आतल्या अंगाने जननेंद्रियांची संवेदना नेणारी प्युडेंडल नस आणि तिच्या जोडीची रक्तवाहिनी जाते. हाडांवर वजन तासन् तास पेलता येतं. पंगतीत पाटावर मांडी घालून बसलेला माणूस निवांत जेवतो तो त्याच जोरावर. मधल्या नसेला आणि रक्तवाहिनीला हा भार पेलण्याची सोयच नाही.

मऊ गादी इथेच दगा देते. मऊ उशीवर कोपर दाबलं की कोपराखालची उशी खचते आणि आजूबाजूची वर येते. जाड फोमच्या सीटवर नेमकं हेच होतं: हाडं खाली रुततात आणि मधला फोम उचलला जाऊन नाजूक भागावर दाब देतो. जर्मनीतल्या कोलोन इथल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी 2002 साली निरोगी तरुणांना वेगवेगळ्या सीटवर बसवून शिश्नाच्या त्वचेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मोजलं. भरपूर पॅडिंग असलेल्या अरुंद सीटवर ते सुमारे 80 टक्क्यांनी घसरलं. नाक, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, नसलेल्या रुंद सीटवर घसरण सुमारे 20 टक्के होती. जाड पॅडिंग त्या नाजूक भागाला वाचवू शकलं नाही, रुंदीने वाचवलं. हा आकडा वाचून घाबरण्याचं कारण नाही. तो काही मिनिटांचा रक्तपुरवठा सांगतो, कायमची इजा सांगत नाही. पण बसल्याक्षणी मऊ लागणारी सीट आणि दोन तास बसायला सुखाची सीट या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून उघड होतं. जेलचं कव्हर भाजी आणायला जाण्यापुरतं सुख देतं हे खरंच आहे, आणि तेवढंच चालवायचं असेल तर त्यात काही वावगं नाही.

जुन्या कारागिरांना ही गोष्ट हाताने काम करता-करता उमगली होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी 1882 मध्ये सायकलच्या सीटचं पेटंट घेतलं आणि त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात त्यांच्या कंपनीचं बी-17 हे मॉडेल आलं, जे आजही विकलं जातं. त्यात गादी नाहीच. जाड चामड्याचा एक तुकडा पुढच्या टोकापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत रिव्हेट मारून ताणलेला असतो, झोळीसारखा. नाकाखालचा नट फिरवून तो ताण कमी-जास्त करता येतो. काही महिने चालवल्यावर चामड्यावर बरोबर दोन खळगे पडतात, मालकाच्या हाडांच्या मापाचे. अमेरिकेतही 1890च्या दशकात ख्रिस्ती नावाची सीट जोरात खपत होती. दोन स्वतंत्र गाद्या आणि मधे मोकळी जागा अशी तिची घडण, आणि जाहिरातीत चक्क माणसाच्या श्रोणीच्या हाडांचं चित्र. आज मधे खाच असलेली सीट नवा शोध म्हणून विकली जाते तेव्हा ही जुनी जाहिरात आठवावी.

आपल्याकडे दूधवाल्यांनी, पोस्टमननी आणि गिरणी कामगारांनी आयुष्यभर चालवली ती काळी रोडस्टर सायकल या दृष्टीने पुन्हा बघण्यासारखी आहे. मद्रासजवळच्या टीआय सायकल्सने 1949 मध्ये, सोनिपतच्या अ‍ॅटलासने 1951 मध्ये आणि लुधियानाच्या हीरोने 1956 मध्ये सुरुवात केली, आणि इंग्रजी रोडस्टरचाच सांगाडा भारतभर पसरला. हँडल सीटइतकं किंवा त्याहून उंच, सीटची नळी मागे कललेली, सीट मागे ऐसपैस आणि तिच्याखाली दोन जाड स्प्रिंगा. बसणारा ताठ, म्हणजे हाडं रुंद टेकणार, म्हणून सीट रुंद. ताठ बसल्यावर खड्ड्याचा दणका कण्यात सरळ चढतो, म्हणून स्प्रिंगा. सगळं एकमेकांना धरून होतं. पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं त्या काळात रोज दहा-पंधरा किलोमीटर कामावर जाणारे लोक अशाच सीटवर बसून जात होते. मग बाजारात गिअरच्या आणि डोंगरी सायकलींच्या धर्तीवरच्या सायकली आल्या. त्यांची सीट अरुंद, कारण ती ओणवं बसून जोर लावणाऱ्यासाठी बेतलेली. चालवणारा मात्र कॉलेजला किंवा बागेपर्यंत सावकाश जाणारा, आणि बसतो ताठ. त्याची हाडं सीटच्या कडांवरून बाहेर ओघळतात आणि वजन मधल्या भागावर येतं. सीटही चांगली, माणूसही धडधाकट, फक्त दोघांचा मेळ नाही.

यापुढचा विचार बसण्याच्या पद्धतीचा, आणि तिथेच सगळ्यात जास्त हाती लागण्यासारखं आहे. सायकलवर माणूस तीन ठिकाणी टेकतो: सीट, पायडल आणि हँडल. एका ठिकाणचा भार कमी केला तर तो दुसरीकडे जातो, नाहीसा होत नाही. आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे सीट फार खाली ठेवणं. दुकानातून सायकल बाहेर पडते तीच मुळी सीटवर बसल्या-बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशा उंचीवर. यात सुरक्षित वाटतं, पण पाय कधीच सरळ होत नाहीत. गुडघे छातीकडे येतात, पायडलवर अंग टाकताच येत नाही आणि सगळा भार सीटवर बसतो. ब्रिटनमधले हॅम्ले आणि थॉमस यांनी 1967 मध्ये सुचवलेलं माप असं की पायडल खाली असताना त्यापासून सीटपर्यंतचं अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या 109 टक्के असावं. पुढे अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने 0.883 चा गुणक प्रसिद्ध झाला, तो क्रँकच्या मध्यापासून मोजायचा. गुडघा सगळ्यात सरळ असताना 25 ते 35 अंश वाकलेला राहावा, हे तिसरं माप. यातलं कुठलंही एक घेतलं तरी घरी करण्यासारखी चाचणी सोपी आहे: टाच पायडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हावा. मग चवड्याने पायडल मारताना योग्य तो बाक आपोआप राहतो. सीट गरजेपेक्षा उंच झाली तर कंबर दोन्हीकडे डुलते आणि कातडी घासली जाते, हेही लक्षात ठेवायचं. सिग्नलला पाय टेकायचे कसे, अशी शंका लगेच येईल. जुने लोक टांग मारून बसायचे आणि थांबताना सीटवरून पुढे उतरून दांडीपाशी उभे राहायचे. ती रीत दोन दिवसांत अंगवळणी पडते, आणि गर्दीतही ती अडचणीची नाही.

उंचीनंतर येतो जोर. पायडल दाबताना पायाखालून जी उलटी रेटणी मिळते ती अंगाला थोडं उचलते. म्हणून शर्यतीतला सायकलस्वार कडक, बोटभर जाडीच्या सीटवर चार तास बसू शकतो. त्याचं बरंच वजन पाय उचलून धरतात. तीच बैठक सावकाश चालवणाऱ्याने घेतली तर पायांकडून आधार मिळत नाही आणि सगळा भार हातांवर व नाजूक भागावर पडतो. बैठक ही चालवण्याच्या जोराला साजेशी हवी, हे तत्त्व मला या सगळ्या विषयात सर्वांत उपयोगाचं वाटतं, आणि सायकल विकताना नेमकं तेच कुणी विचारत नाही. सीट पुढे-मागे सरकवण्याचा हिशोबही इथूनच कळतो. उठाबशा काढताना बूड मागे जातं तसे हात पुढे जातात, तोल सांभाळण्यासाठी. सायकलवर सीट थोडी मागे घेतली की धड पायांवर तोललं जातं आणि हातांवरचा भार हलका होतो. पायडल आडवं असताना गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला ओळंबा पायडलच्या आसावर यावा, हा नियम अनेक दुकानांत आजही वेदवाक्य मानला जातो. सायकल बांधणारे कीथ बाँट्रेगर यांनी त्यावर फार पूर्वी सडकून टीका केली होती: गुरुत्वाकर्षणाच्या रेषेचा पायडल मारण्याच्या क्रियेशी थेट संबंधच नाही, आणि तसा असता तर आडवं पडून चालवायच्या सायकली चालल्याच नसत्या. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. ओळंबा सुरुवात करायला ठीक, शेवट तोलाने ठरवावा.

हँडलच्या उंचीबद्दल पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्को इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी 2018 मध्ये 2,774 सायकलस्वार, 539 जलतरणपटू आणि 789 धावपटू अशा पुरुषांची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांचं हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर होतं, त्यांच्यात बधिरपणा आणि सीटमुळे होणाऱ्या जखमा कमी आढळल्या. चालवण्याच्या वेळापैकी 20 टक्क्यांहून जास्त वेळ पायडलवर उभे राहणाऱ्यांमध्येही बधिरपणा कमी होता. बायकांच्या बाबतीत अमेरिकेत 48 स्पर्धक सायकलपटूंवर झालेल्या अभ्यासाने 2006 मध्ये दाखवलं की धावपटूंपेक्षा त्यांची संवेदना मंदावलेली आहे, आणि 2012 मध्ये पुढची कडी जोडली: हँडल सीटपेक्षा खाली असेल तर नाजूक भागावरचा दाब वाढतो आणि संवेदना घटते. सीटच्या कोनाबद्दल इस्रायलमधल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये लिहिलं होतं की सीटचं नाक 10 ते 15 अंश खाली केल्यावर कंबरदुखी असलेल्या सत्तर टक्क्यांहून अधिक हौशी सायकलस्वारांना चांगला उतार पडला. एवढा कल मला सरसकट सुचवावासा वाटत नाही, कारण त्यात माणूस पुढे घसरतो आणि मनगटांवर रेलतो. पण एक-दोन अंश नाक खाली करून बघायला काहीच हरकत नाही. स्पर्धांच्या नियमांमध्ये तर सीट जवळपास सपाट ठेवण्याची सक्ती होती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने 2016 मध्ये ही मर्यादा 9 अंशांपर्यंत सैल केली, त्यामागे महिला खेळाडूंच्या तक्रारींचा मोठा वाटा होता. इतकी वर्षं त्या खेळाडूंनी जे मुकाट सोसलं, ते पान्ह्याच्या एक-दोन आट्यांचं काम होतं, ही गोष्ट मनाला लागते.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप सवयीचा. अनुभवी सायकलस्वार सांगतात की महिनाभरात सगळं ठीक होतं, आणि त्यात तथ्य आहे. हाडांवरची कातडी आणि स्नायू भार घ्यायला शिकतात. सुरुवातीच्या आठवड्यातलं दुखणं बऱ्याचदा तेवढंच असतं. पण कुठे दुखतंय हे ओळखलं पाहिजे. बसण्याच्या दोन ठिकाणी ठणकत असेल तर ती सवयीची बाब. मधल्या भागात मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर नस दबते आहे, आणि नसेला दबण्याची सवय होत नाही. दोन्हींना एकच औषध सांगणं घातक आहे. दुसरा आक्षेप याच 2018 च्या अभ्यासावरून घेतला जातो: सायकलस्वारांचं लैंगिक आरोग्य पोहणाऱ्या-धावणाऱ्यांपेक्षा वाईट आढळलं नाही, मग एवढी काळजी कशाला? निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि सायकल सोडू पाहणाऱ्या प्रत्येकाला तो सांगावा. पण उत्तरं स्वतःच भरून दिलेली होती, आणि त्रास असह्य होऊन सायकल सोडून गेलेले लोक अशा पाहणीत सापडत नाहीत. शिवाय बधिरपणा त्याही अभ्यासात सायकलस्वारांमध्ये जास्त होताच.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नाकच काढून टाकलं तर प्रश्न मिटेल, मग बैठकीची उठाठेव कशाला? अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेने, नायॉशने, सायकलवर गस्त घालणाऱ्या 90 पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट वापरायला दिल्या आणि 2008 मध्ये निकाल जाहीर केला. बधिरपणा मुळीच नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 27 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेलं, नाजूक भागावरचा दाब दोन-तृतीयांशाने उतरला. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, तरी इतका मोठा फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही. मग या सीट सगळीकडे का दिसत नाहीत? कारण नाकाला काम आहे. वळणावर आणि हात सोडताना मांड्या नाकाला टेकून सायकल सांभाळतात. नाक नसलं की पुढे घसरू नये म्हणून हातांनी रेटून धरावं लागतं. तळहातातली नस दबून करंगळी बधिर होणं हे सायकलस्वारांचं दुसरं जुनं दुखणं आहे. रोज आठ तास सीटवर असणाऱ्या पोलिसाला किंवा आधीच त्रास असलेल्याला अशी सीट जरूर द्यावी. बाकीच्यांसाठी मधे खाच असलेली किंवा आखूड नाकाची सीट हा बरा मध्यममार्ग, आणि तीही बैठक सुधारल्यावर.

काहींना वाटेल, मग सगळ्यांनी ताठच बसावं. तेही अपुरं आहे. ताठ बैठकीत सगळं वजन दोन हाडांवर आणि खड्ड्याचा प्रत्येक हादरा मणक्यावर. तास-दीड तासापुढे हाडंही कुरकुरतात. वेग वाढला की समोरची हवा बहुतेक ताकद खाते, म्हणून लांब जाणाऱ्याला थोडं झुकावंच लागतं. खुर्चीसारखं रेलून चालवायची सायकल हा प्रश्न जवळपास मुळातून सोडवते. 1933 मध्ये फ्रान्सिस फॉर हा सायकलपटू अशाच सायकलवर तासाला 45 किलोमीटरच्या वर गेला, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने तिला स्पर्धांतून बाद केलं. तो निर्णय झाला नसता तर कदाचित आज सीटवर एवढं लिहावं लागलं नसतं. मात्र वाहनांच्या गर्दीत ती फार बुटकी पडते, चढावर उभं राहता येत नाही आणि जिन्यातून वर नेणं अवघड.

लांब अंतराच्या सायकलिंगमध्ये हा सगळा हिशोब उघडा पडतो. ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी, तीत 600 किलोमीटर 40 तासांत करायचे असतात. अमेरिका ओलांडणाऱ्या 'रॅम' शर्यतीत सुमारे 4,800 किलोमीटर, एकट्याने केल्यास बारा दिवसांत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ती जोडीने पूर्ण केली, आणि 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकेकट्याने. याच शर्यतीत 1983 साली मायकल शर्मर यांची मान इतकी थकली की डोकं उचलून धरता येईना, आणि तेव्हापासून त्या अवस्थेला त्यांचंच नाव मिळालं. सीटवरचा भार वाचवायला पुढे झुकलं की तो मान आणि हातांवर जातो, याचा याहून टोकाचा दाखला नाही. आपल्या हवेत घामाची भर पडते: ओली कातडी घासून फोड येतात, केसाच्या मुळाशी केसतोड होतो आणि पुढचे दोन दिवस सीट नकोशी वाटते. पॅडवाली चड्डी आत दुसरं काहीही न घालता वापरणं, रोज धुणं आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी पायडलवर उभं राहणं, एवढ्याने यातलं बरंच टळतं.

सीट बदलायचीच असेल तर माप घरी घेता येतं. फ्रिजच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा लाकडी पाटावर ठेवून त्यावर पाय उचलून मिनिटभर बसायचं, चालवताना जितकं झुकतो तितकं झुकून. उठल्यावर दोन खळगे दिसतात. उजेडात तिरकं धरून त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. सीट त्याहून दोनेक सेंटीमीटर रुंद असावी, ताठ बसणाऱ्याला आणखी थोडी. बऱ्याच सीट 143, 155, 168 मिलिमीटर अशा रुंदीत मिळतात, आकडा विचारून घेता येतो. पण त्याआधी उंची, मग पुढे-मागे, मग कोन, मग हँडल. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन फेऱ्या. पान्हा लावण्यापूर्वी सीटच्या नळीवर चिकटपट्टीची खूण करून ठेवावी, म्हणजे फसलं तर परत जाग्यावर येता येतं.